दारावरचे शर्टाचे टोक आणि आजोबांची ठासणीची बंदूक

मी, ब्रेना हॉकनबेरी, वय एकतीस, कै. वेंडेल हॉकनबेरी यांची मुलगी, काम गॅसच्या नळांच्या भिंतींची जाडी तपासण्याचे, राहणार हेमलॉक रन, पॉटर काउंटी, पेनसिल्व्हेनिया, ही निरवानिरव स्वतःच्या मर्जीने, कोणी भरीस न घालता लिहून ठेवते आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघाड खाली आहे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एके जागी फुगून तिची भिंत पातळ झाली आहे. येत्या १७ जानेवारीला तो भाग काढून तिथे कापडी नळी बसवणार आहेत. माझे वडील याच दोषाने गेले. त्यांचा दोष कोणी मोजला नव्हता, माझा मोजला आहे. भिंत किती पातळ झाली की नळ बदलायचा, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे मी डॉक्टरांशी वाद घातला नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मी शुद्धीवर आले तर हा कागद माझी मीच फाडीन.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील रूथ ॲन झर्बी यांनी करावी. त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली अशी, "यात भाषणं नकोत हं, ब्रेना. वस्तू आणि माणसं, संपलं." मी म्हटले, माझ्याकडच्या काही वस्तू एका ओळीत मावत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग दोन ओळी घे." दुसरी गोष्ट साक्षीदारांची. ज्याला या कागदाने काही मिळणार आहे, त्याने साक्षीला बसायचे नाही. "इतर ठिकाणी चालत असेल. माझ्या टेबलावर चालत नाही."

कलम २. गावातले घर, त्यातले सामान आणि इस्पितळाचे बिल भागून बँकेत जे उरेल ते माझी आई जॉयस हिला मिळावे. ती ॲरिझोनात असते. तिला बर्फ आवडत नाही आणि हॉकनबेरी आडनावाची माणसे त्याहून कमी आवडतात. घर विकायला तिने इथे यायची गरज नाही, रूथ ॲन विकतील. आईला एवढेच कळवावे की स्वयंपाकघरातला पिवळा रंग मी कधी बदलला नाही.

कलम ३. माझी स्वतःची मोजमापाची हत्यारे, म्हणजे मायक्रोमीटर, कॅलिपर आणि जाडीच्या पट्ट्या, मी जिथे शिकले त्या तंत्रशाळेला द्यावीत. ती कुणी उसनी मागितली तर देऊ नयेत. ध्वनिलहरींचे यंत्र कंपनीचे आहे, ते परत करावे.

कलम ४. सॉसेज भरायचे यंत्र मी शेजारी क्लेटन ग्रूब यांना देणार होते. तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या कुत्र्याने माझ्या पडवीतली हरणाच्या मांसाची सॉसेजची अख्खी माळ खाल्ली आणि क्लेटन म्हणाले होते, "कुत्र्याला चव आहे, यंत्र चांगलं दिसतंय." पण ते साक्षीला बसायला तयार झाले, तेव्हा त्यांना यंत्र मिळणार नाही. हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तू मेलीस तरी माझं नुकसान, जगलीस तरी माझं नुकसान." यंत्र गावच्या अग्निशमन दलाला द्यावे. नववर्षाच्या दिवशी ते सगळ्या गावाला डुकराचे मांस आणि आंबवलेली कोबी खाऊ घालतात, त्यांना उपयोग होईल.

कलम ५. डोंगरातला शिकारीचा कॅम्प, म्हणजे आजोबांनी बांधलेली लाकडी खोली, लोखंडी स्टोव्ह, सहा खाटा आणि मागची विहीर, माझी चुलत बहीण ट्वायला हॉकनबेरी हिला मिळावा. ट्वायला माझ्या लाइल काकांची एकुलती मुलगी. ती शिकार करत नाही, पण तिला तिथली शांतता चालते. छताला उत्तरेच्या कोपऱ्यात गळती आहे. मी दोनदा डांबर लावले, दोन्ही वेळा चुकीच्या जागी.

कलम ६. आजोबांची ठासणीची बंदूक, तिचे शिंगाचे दारूपात्र, गज, गारगोट्यांची पिशवी आणि गोळ्या ओतायचा साचा, हे सर्व माझे काका लाइल हॉकनबेरी यांना मिळावे.

ही बंदूक चकमकीची आहे. आमच्याकडे नाताळनंतर जो हंगाम उघडतो त्यात अशीच बंदूक चालते: गारगोटी, रंजक म्हणजे बाहेर ठिणगीने पेटवायची चिमूटभर दारू, आणि एकच बार. तो चुकला तर दुसरा बार भरेपर्यंत हरीण पुढच्या काउंटीत पोचते. तिची नळी आजोबांनी स्वतः बसवली. गोळीला फिरकी देणारा आतला पीळ फार सावकाश आहे. घट्ट कापड गुंडाळलेला गज मी आत ढकलत नेला, तेव्हा तेहतीस इंच आत जाताना त्याने जेमतेम अर्धा फेरा घेतला. हे माप कलम ८ आणि ९ वाचताना लक्षात ठेवावे.

कलम ७. ही बंदूक ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी बार भरण्याची पद्धत खालीलप्रमाणे आहे. हा सल्ला नाही, अट आहे.

शिसे शुद्ध हवे, नखाने चरा पडेल इतके मऊ. गाडीच्या चाकाला लावतात ते शिसे कडक असते. ते नळीचा पीळ नीट धरत नाही आणि हरणाच्या अंगात पसरत नाही, छोटे भोक पाडून निघून जाते. ते घेऊ नये.

गोळी गोलच हवी, आजोबांच्या साच्यातलीच. तिच्याखाली उशीच्या अभ्र्याचे जाड पट्ट्यापट्ट्यांचे कापड, चरबीत भिजवून पिळलेले. कोरडे कापड जळते आणि गोळी मोकळी सुटते.

दारू हरणाच्या शिंगाच्या मापाने एक माप, सपाट. दारू जास्त भरली की ती नळीत पुरती जळत नाही, तोंडाबाहेर जळते. हरणाला काही होत नाही, शेजारच्या माणसाला होते. बाबा एकदा सव्वा माप भरत होते तेव्हा आजोबा म्हणाले होते, "वेंडेल, हरीण मारायचंय की घाबरवायचंय?"

गोळी गजाने ठासताना ती दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये जागा राहिली तर नळी फुगते, फाटतेसुद्धा. गजावर दोन खुणा आहेत: खालची भरलेल्या बंदुकीची, वरची रिकाम्या बंदुकीची. ठासल्यावर खालची खूण नळीच्या तोंडाशी आली नाही तर चाप ओढू नये. माझ्या धंद्यातही नियम हाच आहे, तिथे फक्त गज महाग असतो.

रंजक थोडीच घालावी. जास्त घातली तर आग कानातून, म्हणजे नळीच्या बुडाच्या छिद्रातून, आत जायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात हरीण मान वळवते. बर्फ पडत असेल तर कानावर चरबी लावलेले कातडे बांधावे. साठ पावलांपलीकडच्या हरणावर बार टाकू नये. जवळ जाता येत नसेल तर घरी यावे.

कलम ८. कॅम्पाच्या दारावर, आतल्या बाजूला, निळ्या चौकटीच्या कापडाचा एक तुकडा ठोकलेला आहे. त्याची व्यवस्था करण्यासाठीच मी हे मृत्युपत्र आज करते आहे. बाकी सगळे रूथ ॲननी एका पानात उरकले असते.

आमच्या डोंगरात रिवाज असा: ज्याने हरीण चुकवले त्याच्या शर्टाचे मागचे टोक कापायचे, त्यावर वर्ष लिहायचे आणि कॅम्पाच्या भिंतीवर ठोकायचे. भिंतीवर आजोबांची तीन टोके आहेत, बाबांची पाच, माझी दोन. खिळा काढायचाच झाला तर ज्याने ठोकला त्यानेच काढायचा, आणि तोही शर्टाच्या मालकाने पुढे हरीण मारले तरच. सगळे हसतात, ज्याचा शर्ट तो सगळ्यात जास्त हसतो.

आठ हंगामांपूर्वी बंदुकीची पाळी लाइल काकांची होती. त्याच उन्हाळ्यात आर्लीन काकू गेल्या होत्या. त्याआधीच्या वर्षी काकांनी गोल गोळीने एक मादी मारली होती. गोळी आरपार गेली, रक्ताचा माग फार थोडा होता, ती सापडेपर्यंत फार वेळ गेला. काकू त्यांना म्हणाल्या होत्या, "मारायचं तर मारा, पण जनावराला हाल नकोत." म्हणून काकांनी दुकानातून लांब, जड गोळ्या आणल्या, गोल गोळीच्या दुप्पट वजनाच्या. आणण्याआधी त्यांनी बाबांना फोन करून विचारले होते. मी बाजूलाच होते. बाबा म्हणाले, "आण की. आपली बंदूक काहीही पचवते."

काकांनी आठ टोकांच्या शिंगांचा नर चाळीस पावलांवरून टिपला. गोळी मागच्या मांडीत शिरली. नर लंगडत ओढ्यापलीकडे गेला. आम्ही तिघे माग काढत होतो. ओढ्याच्या पाण्यात माग संपला. नर सापडला नाही.

कॅम्पावर आल्यावर बाबांनी सुरी काढली. रिवाजाप्रमाणे टोक कापतात ते हरीण साफ चुकल्यावर. जखमी करून हरवलेल्या हरणासाठी कापत नाहीत, त्या दिवशी कोणी बोलतही नाही. पण बाबा संतापले होते.

काका म्हणाले, "वेंडेल, हा शर्ट नको. दुसरा घालून येतो, तो काप."

"ज्या शर्टात चुकवलंस तोच."

"अरे, हा आर्लीननं शिवलाय."

"माहितेय. आर्लीन असती तर तिनंच कापला असता."

कोणी हसले नाही. बाबांनी टोक कापले आणि ते भिंतीवर न ठोकता दारावर ठोकले, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असे. काकांनी बंदूक टेबलावर ठेवली, कोट घातला आणि गेले. त्यानंतर ते कॅम्पावर आलेले नाहीत. बाबांच्या अंत्यविधीला ते शेवटच्या रांगेत उभे होते आणि नंतर सगळे कॉफीला बसतात त्याआधीच निघून गेले.

खिळा ठोकणारा माणूस आता हयात नाही. त्याचा हातोडा वारसाहक्काने माझ्याकडे आला आहे, त्यामुळे खिळा काढण्याचा हक्कही माझ्याकडे आला असे मी मानते. तो हक्क, हातोड्यासह, मी लाइल काकांना देते. हरीण मारण्याची अट मी काढून टाकते आहे. कारण कलम ९ मध्ये आहे.

कलम ९. चौकोनी पुठ्ठ्याच्या खोक्यात त्या लांब गोळ्यांपैकी पाच उरल्या होत्या. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी त्या आजोबांच्या बंदुकीतून चाळीस पावलांवरच्या मोठ्या कागदावर झाडल्या, बंदूक टेकणावर बांधून, सारखी दारू भरून. लांब गोळीला सरळ राहायला जास्त फिरकी लागते. आजोबांच्या नळीचा पीळ तेवढी देत नाही. पाचही भोके लांबट आहेत. गोळ्या आडव्या होऊन गेल्या. एक भोक जिथे नेम धरला होता तिथून वीतभर खाली आणि दीड हात बाजूला आहे, म्हणजे हरणाच्या खांद्यावर धरलेला नेम मांडीत जाईल इतके. काकांचा नेम चुकला नव्हता.

तो कागद मी बाबांना दाखवला. त्यांनी तो खिडकीशी धरला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मीच म्हणालो होतो ना त्याला, काहीही पचवते."

"मग काकांना सांगा."

"सांगतो. माझं मी सांगतो, तू मध्ये पडू नकोस. हंगामाला येईल तो, तेव्हा सांगतो."

हंगामाला काका आले नाहीत. मार्चमध्ये बाबा गेले. नंतर सांगायचे तर ते बाबांच्या माघारी त्यांची चुगली केल्यासारखे झाले असते, असे मला वाटत राहिले. शब्द देणारा माणूस गेला आणि मी त्याचा शब्द पाळत बसले. हा कागद लाइल काकांना मिळावा. तो बाबांच्या हातून मिळायला हवा होता.

कलम १०. शस्त्रक्रियेनंतर मी शुद्धीवर येणार नाही असे दोन डॉक्टरांनी लेखी दिले, तर यंत्रांवर ठेवू नये. राख कॅम्पाच्या आवारात टाकू नये. हरणे तिथे मीठ चाटायला येतात.

कलम ११. हे कलम हाताने लिहिलेले आहे, कॅम्पावरच्या टेबलावर, सही करण्याआधी. रूथ ॲन म्हणतात मृत्युपत्रात संवाद नसतात. मी म्हटले, दोन ओळी घे म्हणून तुम्हीच सांगितले होते.

मी रविवारी लाइल काकांना फोन करून मंगळवारी कॅम्पावर सही आहे असे सांगितले आणि विचारले, बंदूक घ्याल का. ते म्हणाले, "बघतो," आणि फोन ठेवला. एवढेच. आज सकाळी माझा सहकारी, दुसरा साक्षीदार, बर्फामुळे घाटाखाली अडकला. रूथ ॲन कागद आवरत होत्या तेवढ्यात दार वाजले.

काका उंबऱ्याबाहेरच उभे राहून बूट झटकत होते, झटकण्यासारखे काही उरले नव्हते तरी.

क्लेटन म्हणाले, "आत ये रे, लाइल. थंडी आत आली, तूच तेवढा बाहेर."

"स्टोव्ह तोच?"

"तोच. धूरही तोच."

काकांनी दार लावले, तेव्हा कापड त्यांच्या डोळ्यांसमोर आले. त्यांनी ते पाहिले, चष्मा लावला आणि टेबलाशी बसून हा कागद कलम १ पासून वाचला. कलम ९ वाचल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मी भोके पडलेला कागद दिला. त्यांनी लांबट भोकात बोट घालून पाहिले.

"म्हणजे खांद्यावरच होता नेम माझा."

"हो, काका."

"आठ वर्षं मला वाटतंय, डोळ्यात पाणी होतं म्हणून चुकलं." मग चष्मा काढत, "त्या हंगामाला मी आलो होतो, ब्रेना. खालच्या वळणापर्यंत. गाडी उभी केली. धुराड्यातून धूर येत होता. म्हटलं, वेंडेल दारात उभा राहून काहीतरी बोलेल, आणि मला ते ऐकवणार नाही. परत गेलो."

"ते सांगणार होते तुम्हाला."

"आता तू लिहिलंस ना. वाचलं मी."

मी हातोडा त्यांच्यापुढे ठेवला. ते उठून दाराशी गेले. खिळा वाकडा आहे, तीन ठिकाणी लाकडाला हातोड्याचे वळ आहेत. त्यांनी त्या वळांवरून अंगठा फिरवला.

"वेंडेलला खिळा कधी सरळ ठोकता आला नाही."

"पडवीची पायरी बघ," क्लेटन म्हणाले. "अजून हलते."

काकांनी हातोडा टेबलावर परत ठेवला. "राहू दे हे. आर्लीनचं कापड आहे, वेंडेलचा खिळा आहे. मी उपटलं तर हातात नुसती चिंधी राहील."

रूथ ॲननी घसा साफ केला. "दुसरा साक्षीदार नाही आज. गुरुवारी बघू."

"गुरुवारी आणखी बर्फ आहे," काका म्हणाले. "मी करतो की सही."

"तुम्हाला बंदूक मिळते आहे, लाइल. माझ्या टेबलावर चालत नाही."

"मग खोडा माझं नाव."

मी म्हटले, "काका, बंदूक तुमच्यासाठीच ठेवली आहे."

"तुझ्या मरणावर मिळणारी बंदूक मला नको. तू हातात दिलीस तर धरीन. डिसेंबरात दे. पहिला बार तुझा, दुसरा माझा."

"डॉक्टर खात्री देत नाहीत."

"मी डॉक्टरला कुठं विचारलं?"

सबब खालील बदल करते. कलम ६ मधील लाइल हॉकनबेरी यांचे नाव खोडून तिथे ट्वायला हॉकनबेरी हिचे नाव घातले आहे. कलम ७ ची अट तिलाही लागू राहील. कलम ८ मधील हातोडा आणि खिळा काढण्याचा हक्क रद्द. दारावरचे कापड आहे तिथेच राहील. पुढे जो कोणी कॅम्पाचा मालक होईल, त्याने दार बदलले तर नव्या दाराला ते कापड लावू नये. जुने दार भिंतीशी उभे करून ठेवावे. कलम ९ मधील कागद आज हाती दिला आहे, तो आता माझ्या मालमत्तेत नाही.

सहीला बसताना काकांनी कोट काढला. शर्ट तोच आहे. मागची कापलेली कड त्यांनी स्वतः दुमडून हाताने शिवून घेतली आहे, टाके मोठे आणि असमान. याची नोंद मी का करते आहे ते मला सांगता येत नाही. खोडू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोघा साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: ब्रेना हॉकनबेरी

साक्षीदार:
१. क्लेटन ग्रूब. सॉसेजचे यंत्र मिळणार नाही, हे नाइलाजाने मान्य.
२. लाइल हॉकनबेरी. बंदूक नको, हे मीच सांगितले.

स्थळ: हॉकनबेरी कॅम्प, हेमलॉक रन, पॉटर काउंटी
दिनांक: ९ जानेवारी २०२४, हंगाम अजून चालू